निरोप पोचला का? टेंभी नाक्यावरून एक साधा प्रश्न

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

नवरात्रातली गोष्ट. टेंभी नाक्याच्या देवीची रांग कशी असते ते ठाणेकराला सांगायला नको. रात्री आठचा सुमार, पाऊल ठेवायला जागा नाही. माझ्या पुढे चार माणसं सोडून एक साठीच्या बाई होत्या. त्यांना अचानक चक्कर आली आणि त्या खालीच बसल्या. बंदोबस्तावरच्या हवालदारांनी कमाल केली. दोन मिनिटांत भोवतालची गर्दी मागे सारली आणि तिथल्या तिथे वॉकीटॉकीवर निरोप दिला की अँब्युलन्स पाठवा. पलीकडून निरोप मिळाल्याचं उत्तरही आलं.

अँब्युलन्स फार लांब नव्हती, दोन-अडीचशे पावलांवर उभी होती. पण तिच्या ड्रायव्हरकडे वॉकीटॉकी नव्हता, मोबाइल होता. आणि त्या गर्दीत मोबाइल लागतो का कुणाचा? माझ्या फोनवर सगळ्या दांड्या दिसत होत्या, पण कॉल काही जात नव्हता. हवालदार वॉकीटॉकीवर बोलतायत, पलीकडे कुणीतरी ड्रायव्हरला फोन लावतंय आणि तो लागत नाहीये. शेवटी रांगेतला एक कॉलेजचा पोरगा "मी जातो" म्हणाला आणि गर्दीतून वाट काढत पळत सुटला. निरोप पोचला तो त्याच्या पायांनी.

बाईंची साखर उतरली होती. लिमलेटची गोळी, पाणी, थोडा वारा, आणि त्या बऱ्या झाल्या. उलट आम्हालाच म्हणाल्या, "दर्शन घेऊनच जाईन." सगळे हसले, रांग पुढे सरकली.

मी मात्र तिथेच अडकलो. हवालदारांचं काम चोख होतं. ड्रायव्हर जागेवर हजर होता. पोरगा तर देवासारखा धावला. चूक कुणाचीच नव्हती. तरीसुद्धा एकविसाव्या शतकात, आठवड्याला नवा टॉवर उभा राहणाऱ्या शहरात, निरोप न्यायला माणूस पळवावा लागला. साखर उतरण्याऐवजी हार्ट अटॅक असता तर? एक बाई नसत्या, चेंगराचेंगरी असती तर?

आता जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. टेंभी नाक्यापासून चालत पंधरा-वीस मिनिटांच्या आत काय काय आहे? कोर्ट नाक्याला जिल्हाधिकारी कार्यालय, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाचं मुख्य ठिकाण. पोलीस आयुक्तालय. जवाहरबागेचं अग्निशमन केंद्र. रेल्वे स्टेशन, म्हणजे रेल्वे पोलीस आणि आरपीएफ. जिल्ह्याचा संकटकाळ सांभाळणाऱ्या यंत्रणांची कार्यालयं एवढ्या जवळ असणारं ठिकाण दुसरं सापडणार नाही. एकमेकांना हाक मारली तर ऐकू जाईल इतकं अंतर. पण संकटाच्या वेळी यांची यंत्रं एकमेकांशी बोलतात का? आणि बोलतात की नाही हे तपासतं कोण? या पोस्टमध्ये मला एवढाच प्रश्न विचारायचा आहे.

आधी मोबाइल का लागत नाही ते समजून घेऊ, कारण "रेंज आहे तरी कॉल जात नाही" हे अनेकांना कोडं वाटतं. दांड्या दिसतात त्या टॉवरच्या सिग्नलच्या. सिग्नल असणं म्हणजे जागा असणं नव्हे. सकाळी ८.२० ची लोकल प्लॅटफॉर्मला लागलेली दिसते, पण डब्यात शिरता येतं का? तसंच. एका टॉवरची एका वेळी किती लोकांना सेवा द्यायची याची एक मर्यादा असते. रोजच्या हिशोबाने ती पुरते. उत्सवाला, अपघाताला, पुराला हजारो लोक एकाच टॉवरवर एकाच वेळी फोन लावतात, व्हिडिओ टाकतात, आणि टॉवर भरतो. अशा वेळी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचा फोन आणि माझा रील बघणारा फोन एकाच दारात धक्काबुक्की करत असतात.

दुसरी गोष्ट विजेची. टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरी, मग असेल तर जनरेटर, मग काहीच नाही. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईपासून कल्याण-बदलापूरपर्यंत माणसं जिथे होती तिथे अडकली, आणि त्या रात्री घरच्यांचा फोन लागला असं सांगणारा माणूस विरळा. १२ ऑक्टोबर २०२० हाही दिवस आठवा. ऐन कोविडच्या काळात सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी पाऊस नव्हता, पूर नव्हता, नुसती वीज गेली होती.

आता आपल्याच जिल्ह्यातले दोन मोठे प्रसंग घ्या.

२६-२७ जुलै २०१९. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. आत एक हजाराहून जास्त प्रवासी. त्यांना बाहेर काढायला एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, लष्कर आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, रेल्वेचे लोक होते, पोलीस होते आणि आसपासच्या गावातली माणसं होती. सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले. याबद्दल या सगळ्यांना सलाम. पण मोजून बघा, किती वेगवेगळ्या खात्यांची माणसं एका रुळावर जमली होती.

२३ मे २०२४. डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकलमध्ये स्फोट झाला. दहाहून अधिक कामगार गेले, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. आठ वर्षांपूर्वी, २६ मे २०१६ ला, त्याच डोंबिवलीत प्रोबेसचा स्फोट झाला होता. म्हणजे हे "कधीतरी होणारं" प्रकरण नाही. अशा वेळी कल्याण-डोंबिवलीचं अग्निशमन दल येतं, एमआयडीसीचं स्वतःचं वेगळं दल येतं, शेजारच्या शहरांतून बंब मागवले जातात, पोलीस येतात, अँब्युलन्स येतात, एनडीआरएफ येतं. प्रत्येकाची गाडी वेगळी, गणवेश वेगळा, साहेब वेगळा. आणि निरोपाची वाटही वेगळी.

कोण कुणाच्या हाताखाली आहे बघा. पोलीस आणि त्यांचा बिनतारी विभाग गृहखात्याचा, त्याचं मुख्यालय पुण्यात. अग्निशमन दल महापालिकेचं. १०८ च्या अँब्युलन्स आरोग्य खात्याच्या योजनेतल्या, पण चालवायला ठेकेदार. एमआयडीसीचे बंब उद्योग खात्याच्या महामंडळाचे. रेल्वेचं सगळं रेल्वेकडे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन जिल्हाधिकाऱ्यांकडे, ते मदत व पुनर्वसन खात्याला जोडलेलं. ११२ ला फोन केलात तर तो नवी मुंबईच्या केंद्रात किंवा नागपूरच्या केंद्रात जातो आणि तिथून जवळच्या पोलिसांकडे येतो. वॉकीटॉकी कुठल्या लहरींवर चालवायचा याचा परवाना दिल्लीहून येतो. आपल्या एकट्या जिल्ह्यात सहा महापालिका आहेत: ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर, उल्हासनगर. वर अंबरनाथ आणि बदलापूर नगरपरिषदा.

या सगळ्यांनी एका जागी उभं राहून एकमेकांशी बोलायचं म्हटलं की काय उरतं? मोबाइल आणि व्हॉट्सअॅप ग्रुप. म्हणजे पुन्हा तोच टॉवर, तोच भरलेला डबा.

"मग सरकारने काही केलंच नाही का?" असं कुणी विचारेल. प्रामाणिक उत्तर असं की कागदावर बरंच आहे.

दूरसंचार नियामक ट्रायने जून २०१८ मध्ये केंद्राला शिफारस केली की पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय मदत, आपत्ती दलं यांच्यासाठी देशभर एक वेगळं, एकमेकांशी जोडलेलं ब्रॉडबँड जाळं उभारा. त्यासाठी लहरींचा एक पट्टा राखून ठेवा, आणि सगळं नव्याने बांधण्याऐवजी काही सरकारी, काही कंपन्यांचं असं मिश्र जाळं करा. आज वेगवेगळ्या यंत्रणांच्या जुन्या वायरलेस व्यवस्था एकमेकांशी बोलू शकत नाहीत, हेच त्यामागचं कारण होतं. ती शिफारस झाली तेव्हा घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांबही नव्हते. खांब उभे राहिले. ते जाळं अजून माझ्या-तुमच्या शहरात उभं नाही.

मग आला दूरसंचार कायदा, २०२३. त्याचं कलम २० हे प्रत्येकाने वाचण्यासारखं आहे. त्यात म्हटलंय की आणीबाणीच्या प्रसंगी, आपत्ती व्यवस्थापन धरून, केंद्र सरकार किंवा राज्य सरकार किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी दूरसंचार सेवा तात्पुरती ताब्यात घेऊ शकतो, आणि मदतकार्यातल्या अधिकृत लोकांचे निरोप इतरांच्या आधी पोचतील अशी व्यवस्था करू शकतो. हे कलम जून २०२४ मध्ये लागू झालं. "राज्य सरकार" हा शब्द त्यात आहे हे लक्षात घ्या. म्हणजे "हा दिल्लीचा विषय आहे हो" म्हणून मंत्रालयाला हात वर करता येणार नाहीत.

आणि ही व्यवस्था तांत्रिकदृष्ट्या काही चंद्रावर जाण्याइतकी अवघड नाही. आपल्या प्रत्येकाच्या सिमकार्डात एक वर्ग लिहिलेला असतो. शून्य ते नऊ हे सामान्य ग्राहकांचे. अकरा ते पंधरा हे खास वर्ग, त्यातला बारावा सुरक्षा दलांसाठी, तेरावा पाणी-विजेसारख्या सार्वजनिक सेवांसाठी, चौदावा आपत्कालीन सेवांसाठी. टॉवर भरला की सामान्य वर्गांना थोडा वेळ थांबवून खास वर्गांना आत घ्यायचं, ही सोय जगभरच्या मोबाइल तंत्राच्या नियमांतच आहे. लोकलमध्ये अपंगांचा डबा असतो ना, तसं. डबा राखीव ठेवायचा की नाही हा तंत्राचा नाही, निर्णयाचा प्रश्न आहे. आणि राखीव ठेवला तर त्यात खरंच ती माणसं बसतात का, हा देखरेखीचा.

देखरेख हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण नुसतं यंत्र विकत घेतल्याने भागत नाही. बाहेरच्या जगाकडे बघा.

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या हल्ल्यात अग्निशमन दलाचे ३४३ जवान गेले. चौकशी आयोगाने २००४ च्या अहवालात लिहून ठेवलं की उत्तरेच्या मनोऱ्यातल्या अनेक जवानांपर्यंत बाहेर पडण्याचा हुकूम पोचलाच नाही. पोलिसांचे रेडिओ वेगळे, फायर ब्रिगेडचे वेगळे. त्यातून धडा घेऊन २०१२ मध्ये कायदा झाला, फर्स्टनेट नावाची सार्वजनिक संस्था उभी राहिली आणि २०१७ मध्ये प्रत्यक्ष जाळं उभारण्याचा करार झाला. महासत्तेला सुद्धा सोळा वर्षं लागली.

ब्रिटनची गोष्ट आणखी बोधप्रद. तिथे पोलीस, फायर आणि अँब्युलन्स या तिघांचं एकच रेडिओ जाळं आधीपासून आहे, एअरवेव्ह नावाचं. त्याच्या जागी नवं आणायचं म्हणून २०१५ मध्ये करार झाले. २०२० पर्यंत जुनं बंद होणार होतं, ते अजून चालूच आहे. मधल्या काळात तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी या उशिरावर एकामागून एक अहवाल काढले, खासदारांच्या समितीने अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले. जुनं जाळं चालवणारी कंपनी जास्त पैसे घेत असल्याचा निष्कर्ष काढून स्पर्धा नियामकाने २०२३ मध्ये तिच्या दरावर मर्यादा घातली. म्हणजे घोटाळा, उशीर, जादा खर्च तिथेही होतो. फरक एवढाच की तो लपून राहत नाही. कुणीतरी दरवर्षी वही उघडून हिशोब मागतं.

आपल्याकडे वही उघडायला काय लागतं ते आपण २६/११ नंतर पाहिलंय. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर कामा हॉस्पिटलच्या मागच्या रंगभवनच्या गल्लीत शहीद झाले. त्या रात्री वायरलेसवर कुणी काय सांगितलं, मदत कधी मागितली, कंट्रोल रूमला काय कळलं होतं, हे जाणून घेण्यासाठी विनीता कामटे यांनी माहितीचा अधिकार वापरला. स्वतःचा नवरा गमावलेल्या बाईला कंट्रोल रूमच्या नोंदींसाठी अर्ज आणि पाठपुरावा करावा लागला. त्यातून त्यांनी २००९ मध्ये पुस्तक लिहिलं आणि मदत वेळेत का पोचली नाही हा प्रश्न महाराष्ट्रासमोर ठेवला. त्यांच्या निष्कर्षांशी कुणी सहमत असो वा नसो, एक गोष्ट त्यांनी कायमची शिकवली: वायरलेसची नोंद ही खात्याची खासगी मालमत्ता नाही. ती लोकांची आहे.

मला तेच पुढे न्यायचं आहे. नोंद मिळवायला कुणी विधवा व्हायची गरज पडू नये. दरवर्षी, काहीही विपरीत घडलेलं नसताना, ती आपणहून लोकांसमोर ठेवली गेली पाहिजे.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण ती न सांगणं बेइमानी होईल. ज्या कलम २० मध्ये मदतकार्याच्या निरोपांना आधी वाट द्यायची तरतूद आहे, त्याच कलमात निरोप अडवायची, ऐकायची आणि सेवा बंद करायचीही आहे. आणि सेवा बंद करायला आपल्याकडे वेळ लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यानंतर तिथलं इंटरनेट बंद करण्यात आलं. तेव्हा हे नवं कलम नव्हे तर जुने नियम लावले असतील, पण हात तोच. त्या निर्णयाच्या बाजूने-विरुद्ध वाद घालता येईल, तो आजचा विषय नाही. माझं म्हणणं इतकंच की जाळं बंद करायची चावी फिरते, तेव्हा जाळं उघडं ठेवायची चावीही त्याच जुडग्यात आहे हे विसरू नका. बंद करण्याच्या आदेशासाठी नियम झालेत: आदेश लेखी हवा, पंधरा दिवसांपेक्षा जास्त नको, समितीने पाच दिवसांत तपासायला हवा. मग "त्या दिवशी अँब्युलन्सचा फोन लागला की नाही" हे तपासायलाही कुणीतरी बसायला नको का? इंटरनेट बंद असलेल्या गावात अँब्युलन्सला पत्ता कसा मिळाला, हे विचारायला नको का?

म्हणून मला सरकारच्या हातात आणखी एक बटण नकोय. जे बटण आहे त्याचा हिशोब हवाय.

काही जण म्हणतील, पोलिसांचं वायरलेस गोपनीय असतं, त्याची माहिती चव्हाट्यावर कशी मांडणार? बरोबर आहे. मला लहरींचे आकडे नकोत, सांकेतिक शब्द नकोत, बंदोबस्ताचा आराखडा नको. परीक्षेचा पेपर नको, निकाल दाखवा. अमुक ठिकाणी हँडसेट चालत नाही हे चोराला कळेल ही भीती खरी, तर ती जागा जाहीर करू नका. पण अशा किती जागा सापडल्या आणि वर्षभरात त्यातल्या किती दुरुस्त केल्या, हे आकडे सांगायला काय हरकत आहे?

काही जण म्हणतील, पैसे कुठून आणायचे? मोठ्या जाळ्याला पैसे लागतातच, आणि तो केंद्राचा-राज्याचा विषय आहे. पण सगळंच महाग नाही. उत्सवाच्या दिवशी प्रत्येक अँब्युलन्समध्ये बंदोबस्ताच्या चॅनेलवरचा एक हँडसेट देणं, किंवा अँब्युलन्सशेजारी हँडसेटवाला एक पोलीस उभा करणं, याला कोट्यवधी लागत नाहीत. दुर्घटनेच्या जागी सगळ्या दलांचा एकेक माणूस एकाच गाडीपाशी उभा राहील असं ठरवायला निविदा काढावी लागत नाही. टॉवर आणि कंट्रोल रूमच्या बॅटऱ्या पावसाळ्याआधी तपासायला फक्त तारीख ठरवावी लागते. नालेसफाईची तारीख ठरते तशी.

मग मागायचं कुणाकडे? इथे एक नवी गोष्ट आपल्या बाजूने आहे. २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची तरतूद आली. त्याचे अध्यक्ष आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. म्हणजे "आमच्या अखत्यारीत येत नाही" हे वाक्य ज्या टेबलावर संपायला हवं, ते टेबल कायद्याने मांडून दिलंय. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोघांनाही. त्या टेबलावर माझे पाच प्रश्न ठेवतो:

१. पोलीस, महापालिकेचं अग्निशमन दल, एमआयडीसीचं दल, रेल्वे पोलीस आणि अँब्युलन्स यांना मोबाइलशिवाय एकमेकांशी बोलता येतं का? हो किंवा नाही.

२. वीज गेली तर कंट्रोल रूम आणि वायरलेसचे रिपीटर किती तास चालतात? शेवटची चाचणी कधी झाली?

३. उंच इमारतींच्या तळघरांत, स्टेशनच्या पुलांखाली, एमआयडीसीच्या शेडमध्ये हँडसेट चालतात का हे वर्षातून एकदा चालत जाऊन तपासलं जातं का?

४. दूरसंचार कायद्याच्या कलम २० खाली ठाण्यातल्या किती मदतकर्मचाऱ्यांचे नंबर प्राधान्याच्या यादीत आहेत, आणि ती यादी कोण सांभाळतं?

५. मोठ्या दुर्घटनेनंतर वायरलेसच्या नोंदी किती काळ जपून ठेवतात, आणि त्यावरचा अहवाल महासभेपुढे येतो का?

पाच प्रश्न, एक पान. दरवर्षी मे महिन्यात, पावसाळ्याआधी, हे एक पान महापालिकेच्या वेबसाइटवर मराठीत टाका. त्याआधी एक दिवस मोबाइल बंद ठेवून रंगीत तालीम करा. खरोखर बंद ठेवून. मॉक ड्रिलचे फोटो आपण खूप पाहिले: हार-तुरे, फीत, शिट्टी. त्या ड्रिलमध्ये निरोप मोबाइलवरून जात असेल तर ते ड्रिल नाही, सहल आहे.

हे आत्ताच का बोलायचं? कारण शहर बदलतंय. ठाणे ते बोरिवली हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारा जोडबोगदा बांधला जातोय, सुमारे बारा किलोमीटरचा रस्ता. जमिनीच्या पोटात साधा वॉकीटॉकी चालत नाही. त्यासाठी बोगद्याच्या लांबीभर खास केबल टाकावी लागते, जिच्यातून लहरी झिरपतात. ती बांधतानाच टाकली तर स्वस्तात होते, नंतर टाकायची म्हटलं तर बोगदा बंद करावा लागतो. तर आजच विचारा की बोगद्यात आग लागली तर ठाण्याच्या आणि मुंबईच्या अशा दोन शहरांच्या अग्निशमन दलांचे हँडसेट आत चालतील का, आणि एकमेकांशी बोलतील का. फीत कापल्यावर विचारून उपयोग नाही.

आपण ठाणेकर, कल्याणकर, डोंबिवलीकर खड्ड्यांवर बोलतो, पाण्यावर बोलतो, लोकलच्या गर्दीवर तर रोज बोलतो. कारण ते दिसतं. निरोपाची वाट दिसत नाही. ती खचली आहे हे कळतं त्या एका रात्री, आणि तेव्हा तक्रार करायला फोनही लागत नाही.

तुम्हाला काय करता येईल? आपल्या नगरसेवकाला, आमदाराला वरच्या पाचांपैकी कुठलाही एक प्रश्न विचारा. एकच, पण लेखी. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज कुणालाही करता येतो. मी पहिला आणि पाचवा प्रश्न घेऊन अर्ज करतोय. बाकीचे तीन कोण घेतंय ते कमेंटमध्ये सांगा. उत्तर येईल ते इथेच टाकेन, चांगलं असलं तरी. खरं तर चांगलं असेल तर जास्त आनंदाने टाकेन.

आणि अग्निशमन दलात, पोलिसात, १०८ वर काम करणारं कुणी हे वाचत असेल तर नाव न सांगता मेसेज करा. चूक तुमची नाही हे पहिल्यांदाच लिहिलंय. तुमचा फोन लागला पाहिजे, एवढंच आमचं मागणं आहे.

त्या रात्री गर्दीतून पळालेल्या पोराचं नाव मी विचारलं नाही. राहूनच गेलं. परत रांगेत आला तेव्हा घामाघूम होता आणि त्याची जागा गेली होती. मागच्यांनी त्याला पुढे घेतलं. ठाणं असं आहे, माणसं धावतात. पण माणसं धावतात म्हणून व्यवस्थेने बसून राहावं, असं कुठे लिहिलंय?